विषाणूवरची गोळी आणि मूत्रपिंडाचा हिशोब

कमरेला किंवा छातीच्या एका बाजूला आग होऊन पाण्याने भरलेले फोड उठले, की ‘नागीण झाली’ हे सांगायला डॉक्टर लागत नाही. मेढा आणि भोवतालच्या वाड्यावस्त्यांवर काय, किंवा सांगलीकडच्या गावांत काय, घरातले जुनेजाणते माणूसच ते सांगते. मग गेरूचा लेप होतो, कुणी उतारा सुचवते. नागिणीची दोन टोके एकमेकांना मिळाली की माणूस दगावतो, ही धास्तीही असते. वास्तविक नागीण ज्या मज्जातंतूच्या वाटेने उठते तो शरीराच्या एकाच बाजूचा असतो, त्यामुळे ती मधली रेघ सहसा ओलांडत नाही. टोके मिळण्याची भीती खोटी. पण लेपात जे तीन-चार दिवस जातात त्यांचे नुकसान मात्र खरे असते, कारण नागिणीवरचे औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झाले तरच त्याचा पुरेपूर उपयोग होतो.

हे औषध म्हणजे असायक्लोव्हीर, किंवा त्याचेच सोयीस्कर रूप व्हॅलासायक्लोव्हीर. असायक्लोव्हीरची ८०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा, सात दिवस, ही नागिणीची नेहमीची मात्रा. साध्या तोंडावरच्या फोडांसाठी लागते त्याच्या कितीतरी पट मोठी. तरुण, धडधाकट माणसाला ती सोसते. अडचण येते ती सत्तरीच्या पुढच्या माणसाला, ज्याला नागीण होण्याचा संभव सर्वांत जास्त आणि ज्याचे मूत्रपिंड वयाने आधीच थकलेले. त्यात रक्तदाब असेल, मधुमेह असेल, आणि नागिणीच्या ठणक्यासाठी दुखण्याची गोळीही सोबत चालू असेल, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आजोबा असंबद्ध बोलू लागतात. समोर नसलेली माणसे दिसतात, हात थरथरतात, रात्रभर डोळा लागत नाही. घरचे म्हणतात, नागीण डोक्यात गेली.

नागिणीचा विषाणू क्वचित मेंदूपर्यंत जातो, हे खरे. म्हणून अशा रुग्णाला घरी ठेवून वाट पाहू नये, रुग्णालयातच न्यावे. पण पुष्कळ वेळा डोक्यात गेलेले असते ते औषध. असायक्लोव्हीर शरीराबाहेर पडते ते बहुतांशी लघवीवाटे. मूत्रपिंड चांगले असेल तर रक्तातले निम्मे औषध अडीच-तीन तासांत निघून जाते. मूत्रपिंड जवळजवळ बंद असेल तर त्याच कामाला सुमारे वीस तास लागतात. दिवसाला पाच गोळ्या आत जातात आणि बाहेर पडण्याची वाट अरुंद, मग औषध साचते आणि त्याचा परिणाम मेंदूवर होतो. औषध थांबवले, सलाइन दिले, फारच झाले तर डायलिसिस केले, की दोन-चार दिवसांत माणूस ताळ्यावर येतो. गोळी लिहिण्याआधी रक्तातले क्रिएटिनिन पाहून मात्रा कमी केली असती तर यातले बरेचसे टळले असते.

विषाणूविरोधी औषधे आणि मूत्रपिंड यांचे नाते असे जवळचे का, हे समजून घेण्यासारखे आहे. जीवाणू ही स्वतंत्र पेशी असते. तिला स्वतःची भिंत असते, स्वतःची यंत्रणा असते, तिच्यावर नेम धरता येतो. विषाणू आपल्याच पेशीत शिरून आपलीच यंत्रणा वापरतो. त्याला मारायचे तर त्याच्या जनुकांची नक्कल थांबवावी लागते. त्यासाठी रसायनशास्त्रज्ञांनी जनुकांच्या खऱ्या विटांसारख्या दिसणाऱ्या, पण पुढची वीट बसू न देणाऱ्या खोट्या विटा तयार केल्या. असायक्लोव्हीर ही त्यातलीच एक. गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतून ते आले. औषधनिर्मितीतील कामाबद्दल त्यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. असायक्लोव्हीरची खुबी अशी, की विषाणूच्याच विकराने चालू केल्याशिवाय ते काम करत नाही, म्हणून निरोगी पेशींना फारसे बाधत नाही. पण या खोट्या विटांपैकी बऱ्याचशा पाण्यात विरघळणाऱ्या असतात. यकृत त्यांची फारशी मोडतोड करत नाही. त्या जशाच्या तशा मूत्रपिंडापाशी येऊन थडकतात.

दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात घेतात. हे परत घेण्याचे काम अतिसूक्ष्म नलिका करतात. एकेका मूत्रपिंडात अशा सुमारे दहा लाख नलिका. पाणी शोषले जाते तशी नलिकेत उरलेली औषधे दाट होत जातात. असायक्लोव्हीर पाण्यात तसे बेताचेच विरघळते. ते शिरेतून घाईने दिले आणि रुग्णाच्या अंगात पाणी कमी असले, तर नलिकेतच त्याचे सुईसारखे स्फटिक होतात आणि नळ तुंबावा तशा नलिका तुंबतात. मेंदूज्वराच्या काही रुग्णांना हे औषध शिरेतून द्यावेच लागते. अशा वेळी ते निदान तासभर संथ सोडायचे आणि सोबत सलाइन चालू ठेवायचे, हा नियम त्यासाठीच आहे. एचआयव्हीवरचे इंडिनाव्हीर हे जुने औषधही असेच. १९९६ मध्ये ते आले तेव्हा रुग्णांना दिवसाला किमान दीड लिटर पाणी प्यायला सांगावे लागे. तरीही काहींना मुतखडा होई आणि तो खडा एक्स-रेत दिसतही नसे. आता ते औषध मागे पडले आहे.

साथीच्या काळात गाजलेली औषधे या बाबतीत तुलनेने सौम्य निघाली. स्वाइन फ्लूवरचे ऑसेल्टामिव्हीर मूत्रपिंडाला इजा करत नाही, पण ते बाहेर पडते मूत्रपिंडातूनच, म्हणून कमकुवत मूत्रपिंडाच्या रुग्णाला त्याची मात्रा कमी लागते. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत ज्या रेमडेसिव्हीरसाठी नातेवाइकांनी रात्र रात्र रांगा लावल्या, त्याबाबत ‘मूत्रपिंड फार बिघडले असेल तर टाळा’ अशी सूचना असे. कारण ते ज्या साखरेसारख्या द्रव्यात विरघळवतात ते मूत्रपिंडात साचते. पुढच्या अनुभवातून ही भीती कमी झाली आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ती अट काढली.

सातारा-सांगलीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे औषध वेगळेच आहे. त्याचे नाव टेनोफोव्हीर.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, २००७ नंतर, देशातल्या जिल्ह्यांची वर्गवारी झाली तेव्हा सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे जास्त प्रसाराच्या ‘अ’ वर्गात होते. त्याआधी, १ एप्रिल २००४ पासून, सरकारी रुग्णालयांतून एचआयव्हीची औषधे मोफत मिळू लागली होती. सुरुवात मोजक्या केंद्रांपासून झाली, मुंबईचे जे. जे. रुग्णालय हे त्यातले एक. तेव्हाच्या औषधांत स्टॅव्ह्युडीन असे. त्याने जीव वाचत, पण गाल बसत, हातापायांना मुंग्या येत, आणि चेहऱ्यावरूनच आजार ओळखू येई. गावात ही गोष्ट लहान नसते. झिडोव्ह्युडीनने रक्त कमी होई. टेनोफोव्हीर आले आणि हे दोन्ही त्रास संपले. दिवसातून एक गोळी, झोपण्यापूर्वी घेतली की झाले. आज एआरटी केंद्रावर बहुतेक प्रौढ रुग्णांना जी गोळी मिळते तिच्यात टेनोफोव्हीर ३००, लॅमिव्ह्युडीन ३०० आणि डोल्युटेग्रॅव्हीर ५० मिलिग्रॅम अशी तीन औषधे असतात. ती नियमित घेणारा माणूस जवळजवळ इतरांइतके आयुष्य जगतो, आणि त्याच्या रक्तातला विषाणू सापडण्याइतकाही उरला नाही, की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे सगळे आधी सांगायला हवे, कारण पुढचे वाचून कुणी गोळी बंद केली तर लेख लिहून उपयोग उलटाच व्हायचा.

टेनोफोव्हीरचा जन्म प्रागमधला. अँटोनिन होली या चेक रसायनशास्त्रज्ञाने बेल्जियममधल्या एरिक डी क्लर्क यांच्याबरोबर जे रेणू बनवले त्यात सिडोफोव्हीर, अडेफोव्हीर आणि टेनोफोव्हीर ही तीन भावंडे होती. मूत्रपिंडाच्या बाबतीत थोरली दोन खोडकर निघाली. सिडोफोव्हीर देताना मूत्रपिंड वाचवण्यासाठी दुसरे औषध आणि सलाइन द्यावेच लागते. अडेफोव्हीर एचआयव्हीसाठी लागणाऱ्या मोठ्या मात्रेत मूत्रपिंड बिघडवते असे दिसले आणि १९९९ मध्ये अमेरिकेत ते मागे पडले. नंतर १० मिलिग्रॅमच्या छोट्या मात्रेत ते कावीळ ‘ब’साठी मान्य झाले. टेनोफोव्हीर या दोघांपेक्षा पुष्कळच शहाणे. २००१ मध्ये त्याला मान्यता मिळाली. २००९ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने त्यावरचा पेटंटचा दावा नाकारला, भारतीय कंपन्यांना ते स्वस्तात बनवता आले आणि सरकारी केंद्रांवर मोफत देणे परवडू लागले. तरी घराण्याचा गुण थोडा उरलाच.

नलिकेच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी टेनोफोव्हीर रक्तातून ओढून घेतात आणि लघवीत सोडतात. आत घेण्याचे दार रुंद आहे, बाहेर सोडण्याचे त्या मानाने अरुंद. त्यामुळे काही जणांत औषध पेशीतच अडकते आणि पेशीची ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियांना थकवते. ऊर्जा संपलेल्या पेशी परत घ्यायच्या वस्तू परत घेईनाशा होतात. साखर, फॉस्फेट, अल्कली, प्रथिने असे सगळे लघवीत वाहून जाते. रक्तातली साखर अगदी नॉर्मल आणि लघवीत मात्र साखर सापडते. मधुमेहाच्या एका नव्या गोळ्यांच्या गटाने असे होतेच, पण ती गोळी चालू नसताना असे दिसले तर ही धोक्याची पहिली घंटा समजायची. फॉस्फेट सतत गेल्याने हाडे मऊ पडतात. बरगड्या, कंबर, मांड्या दुखू लागतात, उकिडवे बसल्यावर उठता येत नाही. बहुतेक रुग्णांना हे वर्षानुवर्षे कधीच होत नाही. ज्यांना होते त्यांत वजनाने हलके, वयाने जास्त, मधुमेह-रक्तदाब असलेले आणि आजार फार वाढल्यावर उपचाराला आलेले लोक अधिक असतात.

हे ओळखायचे कसे? एआरटी केंद्रात गोळी सुरू करण्यापूर्वी आणि त्यानंतर साधारण दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन तपासायचे असते. इथे एक फसगत होते. क्रिएटिनिन हा स्नायूंतून निघणारा टाकाऊ पदार्थ. ज्याचे स्नायूच कमी त्याच्या रक्तात तो मुळातच कमी असतो. समजा, दोघांचेही क्रिएटिनिन १.१ आले. एक तीस वर्षांचा, ७० किलोंचा तरुण, दुसरी साठ वर्षांची, ४० किलोंची आजी. लॅबच्या कागदावर दोन्ही आकडे ‘नॉर्मल’. आता एक साधे सूत्र लावू, १९७६ पासून वापरात असलेले. १४० मधून वय वजा करा, उरलेल्याला वजनाने गुणा, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन याने भागा. स्त्री असेल तर आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणा. तरुणाचे उत्तर येते मिनिटाला सुमारे ९७ मिलिलिटर. आजीचे येते ३४. एकच क्रिएटिनिन, पण आजीचे मूत्रपिंड तरुणाच्या तुलनेत जेमतेम एक-तृतीयांश काम करते आहे. टेनोफोव्हीरची नेहमीची मात्रा ५० च्या खाली सहसा देत नाहीत. म्हणजे आजीला मुळात वेगळे औषध हवे, आणि कागदावर मात्र कुठेही लाल खूण नाही. भातलावणी करून करून वाळलेल्या, चाळीस-बेचाळीस किलोंच्या बाया आपल्या डोंगरी भागात कमी नाहीत. त्यामुळे तपासणीच्या वेळी वजनाच्या काट्यावर उभे राहणे हा उपचार नसून गणिताचा भाग आहे. एआरटी केंद्रावर हा हिशोब होतो. नागिणीची गोळी लिहून घेताना तो क्वचितच होतो.

उलट बाजूची फसगतही आहे. डोल्युटेग्रॅव्हीर सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन ०.१ ते ०.२ ने वाढते आणि तिथेच थांबते. हे औषध नलिकेतून क्रिएटिनिन बाहेर पडण्याची एक वाट अडवते इतकेच. गाळण्याच्या कामात काही बिघाड झालेला नसतो. असा रिपोर्ट घेऊन माणूस दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, ‘किडनीवर सूज आहे’ असे ऐकतो आणि घाबरून गोळी सोडतो. एका आकड्यावरून ठरवू नये. मागचे रिपोर्ट सोबत ठेवावेत, आकडा चढतोच आहे की एका पायरीवर थांबला आहे ते पाहावे, आणि लघवीत साखर व प्रथिने आहेत का हे तपासावे. लघवीची ती पट्टी अगदी स्वस्त असते. तिला जेवढा मान मिळायला हवा तेवढा मिळत नाही.

खरे नुकसान बहुधा एकट्या टेनोफोव्हीरने होत नाही. ते जोडीने होते, आणि जोडीदार कोण ते आपल्या भागात सांगायला नको. जावळी आणि पाटण तालुक्यांतली कित्येक माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबई-नवी मुंबईच्या बाजारांत माथाडी म्हणून ओझी वाहतात. गावी राहिलेल्या बाया पावसात वाकून भात लावतात. पाठ, मान, गुडघे दुखणारच. मग मेडिकलमधून पानावरची दोन गोळी, किंवा दवाखान्यात एक इंजेक्शन. त्यात बहुधा डायक्लोफेनॅक असते, कधी अॅसिक्लोफेनॅक, कधी आयबुप्रोफेन. मूत्रपिंडाकडे येणारी रक्तवाहिनी रुंद ठेवणारे एक द्रव्य शरीर स्वतः बनवते. ही औषधे नेमके तेच बंद करतात. एरवी मूत्रपिंड निभावून नेते. पण जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेले असेल, किंवा नलिका टेनोफोव्हीरने आधीच थकल्या असतील, तर चार दिवसांच्या कोर्सने मूत्रपिंड अचानक बसू शकते. टेनोफोव्हीरवर वर्षानुवर्षे ठीक असलेल्या रुग्णांत डायक्लोफेनॅक सुरू केल्यावर असे झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाला काय करू शकते, याचा पुरावा आपल्याकडे आकाशात होता. जनावरांना ते टोचले जाई, मेलेली जनावरे गिधाडे खात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरत. भारतातली गिधाडे जवळजवळ संपली, तेव्हा २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणूस गिधाडापेक्षा पुष्कळ सोशिक आहे हे कबूल. पण सोसण्यालाही मर्यादा असते.

या सगळ्यात एक गाठ अशी आहे जी औषधशास्त्राने सुटत नाही. एचआयव्हीची गोळी बहुतेक जण लपवून घेतात. डबी पिठाच्या डब्यामागे, गोळ्या दुसऱ्याच पुडीत. कंबर दुखते म्हणून गावातल्या डॉक्टरकडे गेले की तो विचारतो, ‘काही औषध चालू आहे का?’ उत्तर येते, ‘नाही.’ बिचारा डॉक्टर इंजेक्शन देतो. दोष कुणाला द्यायचा? आजार सांगण्याची सक्ती रुग्णावर करता येत नाही आणि करूही नये. २०१७ चा एचआयव्ही कायदा त्याच्या गुप्ततेचे रक्षण करतो. पण मूत्रपिंड वाचवण्यासाठी आजाराचे नाव घेण्याची गरजच नाही. ‘मला दुखण्याची गोळी किडनीला चालत नाही, पॅरासिटामॉल द्या,’ एवढे एक वाक्य पुरते. ते वाक्य मेडिकलच्या काउंटरवर, चार माणसांत, मोठ्याने म्हणता येते. निम्म्या गावाला कुणा ना कुणा डॉक्टरने ते सांगितलेले असते, त्यामुळे कुणी वळूनही पाहत नाही. एआरटी केंद्रातल्या समुपदेशकांनी हे वाक्य रुग्णाकडून पाठ करून घ्यावे असे आहे.

मुंबईला राहणाऱ्यांची आणखी एक अडचण. नाव साताऱ्याच्या केंद्रात, काम वाशीच्या बाजारात. गोळ्या एकदम काही महिन्यांच्या मिळतात ही चांगलीच सोय, पण त्यात रक्ताची तपासणी हुकते. कधी गोळ्या घरचे माणूस घेऊन जाते आणि रक्त द्यायला कुणीच येत नाही. केंद्र बदलून मुंबईत नाव नेता येते. ते न जमले तर सणाला, जत्रेला गावी येणे होतेच; ती तारीख आणि क्रिएटिनिनची तारीख जुळवून घ्यावी. मेढ्याहून सातारा सुमारे पंचवीस किलोमीटर, सकाळच्या एसटीने गेलेला माणूस दुपारी परत येतो.

पाण्याबद्दल एक गैरसमज जाता जाता. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला असायक्लोव्हीरला लागू, जुलाबात लागू, उन्हात ओझी उचलणाऱ्याला लागू. टेनोफोव्हीरची नलिकांना होणारी इजा मात्र पाण्याने धुतली जात नाही. आणि ज्याचे हृदय कमजोर आहे किंवा पायावर सूज आहे, त्याने घागरभर पाणी पिऊन दुसरेच संकट ओढवून घेऊ नये. मधुमेह असेल तर मेटफॉर्मिन चालू असल्याचे एआरटी केंद्रात आवर्जून सांगावे. डोल्युटेग्रॅव्हीरमुळे मेटफॉर्मिन रक्तात वाढते, म्हणून ते दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहूनही कमी.

टेनोफोव्हीर एचआयव्हीपुरतेच नाही. कावीळ ‘ब’च्या जुनाट आजारावरही तेच मुख्य औषध आहे आणि जुलै २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमातून ते मोफत मिळते. हे रुग्ण वर्षानुवर्षे गोळी घेतात, त्यांना काहीच त्रास जाणवत नसतो, आणि त्यामुळे ‘किडनी खराब करते म्हणे’ एवढे कानावर आले की गोळी सोडायचा मोह होतो. इथे सावध राहायला हवे. कावीळ ‘ब’च्या रुग्णाने गोळी अचानक बंद केली तर काही आठवड्यांत-महिन्यांत विषाणू उसळी मारतो आणि यकृताला जोराची सूज येते. ज्याचे यकृत आधीच आकसलेले आहे त्याच्या जिवावर बेतू शकते. ज्यांना एचआयव्ही आणि कावीळ ‘ब’ दोन्ही आहेत, त्यांच्या एकाच गोळीतली दोन औषधे दोन्ही विषाणूंवर काम करत असतात. गोळी सोडली की दोन्ही दारे उघडी.

मूत्रपिंडावर परिणाम दिसलाच तर औषध बंद होत नाही, बदलते. एचआयव्हीत टेनोफोव्हीरच्या जागी अबॅकॅव्हीर देता येते. कावीळ ‘ब’मध्ये एन्टेकॅव्हीर आहे, तेही मूत्रपिंडाच्या हिशोबाने. टेनोफोव्हीरचे अॅलाफेनामाइड नावाचे नवे रूप २५ मिलिग्रॅमलाच पुरते, रक्तातले टेनोफोव्हीर सुमारे ९० टक्क्यांनी कमी राहते आणि मूत्रपिंड व हाडे दोन्हींना सोपे जाते. वेळेवर बदल झाला तर नलिका पुढच्या काही आठवड्यांत ते महिन्यांत बऱ्याच सावरतात. काहींचे मूत्रपिंड पूर्वपदावर येते, काहींचे थोडे मागेच राहते. किती मागे, हे बव्हंशी बदल किती उशिरा झाला यावर ठरते. मूत्रपिंड पूर्ण निकामी होऊन डायलिसिसवर असलेल्या रुग्णालाही विषाणूवरचे औषध चालूच ठेवतात. दुसरा पर्याय नसेल तेव्हा टेनोफोव्हीरचीच ३०० मिलिग्रॅमची एक गोळी देतात, रोज नव्हे, आठवड्यातून एकदा, डायलिसिस झाल्यानंतर.